गुरुवारचे गुलाबजाम

जो माणूस फार ऐकून घेतो, त्याला काहीतरी घ्यायचं असतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पिंपरीच्या कारखान्यात उभी हयात घालवली, त्यातली निम्मी युनियनच्या कमिटीवर, तिथे शिकलो. बोलणारा माणूस परवडला. त्याच्या पोटात काय आहे ते चार वाक्यांत ओठांवर येतं. ऐकणाऱ्याचं तसं नसतं. तो मान डोलावतो, चहा पुढे करतो, आणि महिन्याभराने कोणाच्या तरी हातात चार्जशीट पडते.

आमच्या वेळी एक वेलफेअर ऑफिसर होते. फार गोड माणूस. शॉपमध्ये मशीनपाशी यायचे, खांद्यावर हात ठेवायचे, घरचं विचारायचे. पोरीचं लग्न, म्हातारीचं दुखणं, सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्याजवळ मन मोकळं केलेले तीन गडी एकाच आठवड्यात घरी बसले. तेव्हापासून कोणी मायेने विचारपूस केली की माझ्या मनात पाल चुकचुकते. बायको म्हणते, तुम्ही देवदूताकडेही गेटपास मागाल. मागीन. का मागू नये?

तर ही गोष्ट कस्तुराताईंच्या मुलीची, मैत्रीची.

पिंपळे गुरवला आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर या मायलेकी राहतात. कस्तुराताई महापालिकेच्या शाळेत शिपाई आहेत. मैत्री त्यांची एकुलती एक. फ्रॉक घालून जिन्यात पळायची तेव्हापासून तिला बघतोय. लहानपणी भयंकर बडबडी पोरगी. शाळेत आज कोणाला छडी बसली, कोणाच्या डब्यात काय होतं, सगळी बातमीपत्रं जिन्यातच ऐकायला मिळायची. मग तिचे वडील गेले आणि ही एकदम कमी बोलायला लागली.

तिचे वडील भोसरीच्या एका फाउंड्रीत होते. चांगला गडी, ढोलकी वाजवायचा, जयंतीला सगळ्यांच्या पुढे. एके वर्षी तो गप्प झाला. कामावर जायचा, यायचा, जेवायचा, भिंतीकडे बघत बसायचा. कोणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे, कोणी म्हणालं चोरून पितो. आम्ही चारचौघं त्याला समजवायला गेलो. भरपूर समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे बघत बसला. दोनेक वर्षांत हार्ट अटॅकने गेला. पुढे मैत्रीने कॉलेजला मानसशास्त्र घेतलं तेव्हा मी तिला विचारलं, "हेच का गं घेतलंस? बँकेच्या परीक्षा दे की." ती म्हणाली, "काका, बाबांना सांगायला सगळे यायचे. विचारायला कोणी आलं नाही."

मी तेव्हा 'हं' म्हटलं आणि वर निघून गेलो.

बीए झालं. मग तिने विद्यापीठात एमएला प्रवेश घेतला. विषय अप्लाइड सायकॉलॉजी. रोज सकाळी नाश्ता न करता बस पकडायची, संध्याकाळी जाडजूड झेरॉक्स छातीशी धरून यायची. "अप्लाइड म्हणजे काय?" मी एकदा अडवलंच. "शिकलेलं माणसांच्या उपयोगाला लावायचं, काका. दवाखान्यात, शाळेत, कंपनीत." पहिली दोन नावं माझ्या कानावरून गेली. तिसऱ्या नावाला मी थांबलो. कंपनीत मनाचा अभ्यास करणारा माणूस कशाला लागतो? मशीनला तेल लागतं, माणसाला पगार लागतो. मन कोणाला हवंय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात तिचे ते सराव सुरू झाले. एका संध्याकाळी लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा डबा घेऊन वर आली. कार्डावर नक्षी दाखवणार, आपण ठोकळे लावून तशी बनवायची, आणि ही हातात घड्याळ घेऊन बसणार. बुद्धीची चाचणी म्हणे. आमच्या हिने हसत हसत लावले. मी म्हटलं, "माझ्या डोक्याचं माप घेतेस काय गं? ते कंपनीने घेऊन झालंय." ती हसली आणि डबा बंद केला. रागावली नाही. मला ते जास्त खटकलं.

दुसरा सराव ऐकण्याचा. त्यांना विद्यापीठात बसायचंसुद्धा शिकवतात. समोरासमोर नाही, जरा तिरकी खुर्ची टाकायची, म्हणजे समोरच्याला नजर चुकवायला जागा राहते. सल्ला द्यायचा नाही. मध्ये बोलायचं नाही. मी एकदा तिच्याकडे पार्किंगची तक्रार करत होतो. वरच्या मजल्यावरचा पोरगा रोज माझ्या जागेत गाडी लावतो आणि वर मलाच हसतो, असं बरंच बोललो. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे इथे आपल्याला कोणी मोजतच नाही, असं वाटतंय तुम्हांला." मी चमकलो. मी पार्किंगबद्दल बोलत होतो आणि ही माझ्याबद्दल बोलत होती. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही असा कानाला खडा लावला.

इमारतीतही कुजबुज होतीच. तळमजल्यावर कोणी अनोळखी बाई येऊन बसली की खिडक्या उघडायच्या. वेड्यांची डॉक्टर होणार म्हणे ही, आता वेडे इथेच यायचे. कस्तुराताई कोणाला उत्तर देत नसत. चाळीत वाढलेली बाई, कुजबुजीची सवय असते.

इथपर्यंत ठीक होतं. पण एमएच्या दुसऱ्या वर्षाला त्यांना ठरावीक तास बाहेर काम करावं लागतं, आणि मैत्रीला जागा मिळाली चाकणच्या कंपनीत. कोणत्या? तर माझा मुलगा समाधान जिथे आहे तिथेच.

समाधानबद्दल सांगतो. तो प्रेस शॉपला आहे. पत्र्याला दाब देऊन गाड्यांचे भाग काढायचे. मोठ्या प्रेसवर दोन्ही बाजूंना माणूस असतो, दोघांनी दोन्ही हातांनी बटणं दाबली की प्रेस खाली येतो. ट्रेनी म्हणून लागला होता, आता त्याचं तिसरं वर्ष संपत आलेलं. दिवाळीच्या आत पर्मनंटचं पत्र मिळणार होतं. आजकाल पर्मनंट होणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात कंत्राटी माणूस आहे त्याला विचारा. शंभरातले पाच होतात. आणि नाव कशाने कापलं जाईल याचा नेम नाही. एक रजा जास्त, एक शब्द जास्त, पुरे. आमच्या घराचं सगळं लक्ष त्या एका पत्राकडे लागलेलं. मुलगीवाले थांबले होते, बँकवाला थांबला होता.

त्यातच पावसाळ्याच्या शेवटी समाधानच्या प्रेसवर पिंटूची दोन बोटं गेली. पिंटू म्हणजे त्याचा जोडीदार, समोरच्या बाजूला उभा राहणारा; माल लवकर निघावा म्हणून त्या बाजूची बटणं बंद ठेवली होती म्हणे. तळेगाव दाभाड्याचा पोरगा, हसरा, आमच्याकडे एकदोनदा जेवून गेलेला. पंधरा दिवसांत प्रेस पुन्हा सुरू झाला. समोर नवा माणूस आला. समाधान घरी काही बोलला नाही. फक्त जेवताना हात टेबलाखाली ठेवायला लागला आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. मी म्हटलं ओव्हरटाइम फार होतोय. आमची ही म्हणाली दृष्ट लागलीय. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आणि मी त्याला रक्तवाढीच्या गोळ्या आणून दिल्या.

आणि आता त्याच कंपनीत मैत्री! तिला बसायला जागा दिली होती एचआरच्या शेजारची खोली. पूर्वी तिथे हेल्मेटं ठेवायचे. एचआरला कोणी मृदुला मॅडम होत्या, त्यांनी नोटीस लावली: कोणाला मन मोकळं करायचं असेल त्याने जेवणाच्या सुट्टीत यावं, गुप्तता पाळली जाईल. मी समाधानकडून ऐकलं तेव्हा हसूच आलं. गुप्तता म्हणे, आणि भिंत एचआरची! ताकाला जाऊन भांडं लपवायची तीच जुनी तऱ्हा. वेलफेअर ऑफिसर मिशी काढून ओढणी घेऊन आला, एवढाच फरक.

ती कंपनीच्या बसनेच जायची. नाशिक फाट्याला समाधान चढायचा, तीही चढायची. ती पुढच्या सीटवर बसली की मागची बडबड बंद पडायची. तरी हळूहळू एकेक जण त्या खोलीत जायला लागला होता. कोणी म्हणे घोरण्यावरून घरात भांडण आहे, कोणी म्हणे झोप येत नाही. ती ऐकून घ्यायची. मला चैन पडेना. ही पोरगी रोज आमच्या जिन्यातून जाते, माझ्या पोराला ओळखते, आणि रोज एचआरच्या भिंतीला टेकून बसते.

फितूर ओळखायची आमची एक जुनी रीत होती. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या कानात एक पुडी सोडायची. अगदी वेगळी, दुसऱ्या कोणालाच न सांगितलेली. मग गप्प बसायचं आणि ती पुडी कुठे जाऊन फुटते ते बघायचं. या रीतीने आम्ही दोन फितूर पकडले होते. हमखास उपाय.

रविवारी जेवणं झाल्यावर मी समाधानला गच्चीवर नेलं. "उद्या तिच्याकडे जा," म्हटलं. "सांग, गुरुवारी प्रेस शॉप कॅन्टीनवर बहिष्कार टाकणार आहे. डाळ पातळ आहे म्हणून कोणी ताट घेणार नाही. बास. एवढंच सांगायचं आणि उठायचं."

बहिष्काराची पुडी मी मुद्दाम निवडली होती. त्यात समाधानचं नाव अडकत नव्हतं, आणि मॅनेजमेंट बहिष्काराला फार घाबरतं. ताटं पडून राहिली की बोभाटा होतो. मग त्यांचा एकच उपाय असतो, आमच्या वेळीही होता: त्या दिवशी ताटात गोड वाढायचं. गोड बघून निम्मे गडी वळतात.

"कशाला पप्पा?" तो म्हणाला. "बरी आहे ती."

"बरी असली तर कळेलच. आणि नसली तर तुझं पत्र यायच्या आत कळलेलं बरं."

तो वाळत घातलेल्या चादरीचं टोक उगाच सरळ करत राहिला.

सोमवारी तो गेला. मला वाटलं, दोन वाक्यांचं काम, चहा निवायच्या आत बाहेर येईल. संध्याकाळी त्याला विचारलं तर म्हणाला सुट्टी संपेपर्यंत आतच होतो. जेवलास? नाही. "अरे पण सांगितलंस ना तिला?" तो बूट काढत होता. मान वर न करता 'हं' म्हणाला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. बुधवारी तो पुन्हा त्या खोलीत गेल्याचं बसमधल्या एकाकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाला, "संशय येऊ नये म्हणून गेलो." मला त्याचं कौतुक वाटलं. बापावर गेलाय.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला. "काय आहे रे ताटात?"

पलीकडे भांड्यांचा खणखणाट. तो म्हणाला, "नेहमीचंच. मटकी, डाळ, भात."

"आणि?"

"आणि गुलाबजाम."

मी खुर्चीतून उठलोच. दसरा नाही, खंडेनवमी नाही, साधा कोरडा गुरुवार, आणि गुलाबजाम! पुडी फुटली होती. खरं सांगतो, आधी आनंद झाला. एवढ्या वर्षांनीही आपलं नाक शाबूत आहे याचा आनंद. राग नंतर आला. ज्या पोरीला जिन्यात चॉकलेटं दिली ती पोरगी! गोगलगाय अन् पोटात पाय.

बातमी ठेवून घेणं मला जमत नाही. प्रेस शॉपमध्ये माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा भाचा आहे. त्याला फोन केला. शुक्रवारी सकाळी नाशिक फाट्याच्या बसला सगळं कळलेलं होतं. त्या दिवशी मैत्रीच्या शेजारी कोणी बसलं नाही, दोन जण उभे राहिले पण बसले नाहीत. दुपारी तिच्या खोलीच्या दारावर कोणीतरी खडूने लिहिलं: चुगली केंद्र. ती सुट्टीभर आत एकटी बसली होती. पुढच्या आठवड्यातही एकटीच बसली.

समाधानला मी म्हटलं, "बघितलंस? वाचलास." तो जेवता जेवता ताटावरून उठला. म्हटलं, पोराला धक्का बसलाय, विश्वास टाकला होता बिचाऱ्याने.

नळाला पाणी आलं होतं तेव्हा मैत्री खाली बादली भरताना दिसली. मी थेटच विचारलं. "काय गं, कॅन्टीनची बातमी मॅडमना कितीला विकलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

"समाधानने तुला आत येऊन एक गोष्ट सांगितली होती. ती वर पोचली. हो की नाही?"

"काका," ती म्हणाली, "आत काय बोललं गेलं ते मला सांगता येत नाही." नळ बंद करून म्हणाली, "आणि काय बोललं गेलं नाही, तेही सांगता येत नाही."

"म्हणजे तू सांगितलंस."

"मी कोणाला काहीच सांगितलेलं नाही. पण तुम्ही विचाराल त्याला हो किंवा नाही असं उत्तर मी देऊ शकत नाही."

तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, निरपराध माणूस छातीवर हात मारून नाही म्हणतो. हिला साधं नाही म्हणता येत नाही! माझ्या दृष्टीने खटला संपला.

दुसऱ्या दिवशी कस्तुराताई वर आल्या. इतक्या वर्षांत ही बाई आमच्या दारात वाटी मागायलाही आली नव्हती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भीमराजभाऊ, माझी पोर खोटी हाय म्हणून तुमी सगळीकडं सांगितलं."

"मी बघितलं ते सांगितलं."

"काय बघितलं? ती मॅडम दर शनिवारी हिच्याकडं नावं मागती. कोण आलं, काय बोललं. ही निस्ता आकडा देती, नाव देत न्हाई. त्या पायी मॅडम आधीच खवळलेली. आता कोणी येतच न्हाई म्हटल्यावर ती म्हणती, या महिन्यानंतर येऊ नको. तास भरले न्हाईत तर पोरीचं वर्ष जाईल. परीक्षेला बसू द्यायचे न्हाईत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हिच्या बापाला तुमी समजवायला आला होता, भाऊ. मी तवाही गप बसले. आता न्हाई बसणार."

मी म्हटलं, "ताई, मायेला सगळं खरंच वाटतं." त्या जिना उतरून गेल्या. आतून आमची ही बघत होती. आणि मागच्या खोलीचं दार समाधानने आतून लावून घेतलं होतं.

रविवारी सकाळी विहारात वंदना असते. पिंपळे गुरवातले आमचे बरेच लोक येतात, त्यात त्या बसचे तीन-चार जणही असतात. मैत्री नेहमी पुढे बसते, लहान मुलांकडून गाथा म्हणून घेते. त्या दिवशी ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना सतरंजी मोकळी होती. पांढऱ्या साडीत कस्तुराताई तिच्या पुढे. वंदना झाली, खीर वाटली, सगळे अंगणात चपला शोधत उभे होते. बसमधला एक जण मला म्हणाला, "काका, तुमच्यामुळे समजलं राव, नाहीतर आमचे सगळ्यांचे बाजार उठले असते." मी नम्रपणे मान हलवली. मैत्री चार हातांवर चप्पल घालत होती. तिने ऐकलं.

तेवढ्यात समाधान मध्ये आला. "पप्पा, मी ती पुडी सोडलीच नव्हती."

मला आधी कळेना तो काय म्हणतोय.

"कॅन्टीनचं मी तिला सांगितलंच नाय. एक शब्द पण नाय. ना सोमवारी, ना बुधवारी."

"अरे तू 'हं' म्हणालास."

"तुम्हांला नाय म्हणता येतं का कोणाला?"

बसमधल्याने विचारलं, "मग गुलाबजाम कसे आले?"

"दुसऱ्या शेडला कस्टमरचे पाहुणे आले होते गुरुवारी. कॅन्टीनवाल्याला काल विचारलं मी. पाहुणे आले की सगळ्यांनाच गोड करतो तो. प्रेस शॉपला कोणी कळवलं नव्हतं, एवढंच." त्याने दोन्ही हात खिशात घातले होते. "पंधरा दिवस ती शिव्या खाते. एका वाक्यात सुटली असती. समाधान हे बोललाच नाही, एवढं म्हटलं असतं तरी सुटली असती. ते पण नाय बोलली."

मी मैत्रीकडे बघितलं. ती समाधानकडे बघून अगदी हळू मान हलवत होती, नको, नको, अशी. तू माझ्यासाठी हे सांगायला हवं असं नाही, असं म्हणत असावी.

आणि मी? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला एकच प्रश्न सुचला, तोही मोठ्याने. "मग सुट्टीभर काय बोलत होतास तिच्याशी?"

"ते तिला विचारा."

"ती सांगायची नाही!" मी ओरडलो.

"म्हणूनच तिला सांगितलं," समाधान म्हणाला.

चपला घालून लोक एकेक करून निघाले. मी तिथेच उभा होतो, एका पायात चप्पल. माझा मुलगा. माझ्याच घरात राहतो, माझ्याच ताटासमोर बसतो, आणि त्याच्या पोटातलं दुखणं सांगायला त्याला मी पाठवलेली खोटी गोष्ट टाकून एका परक्या खोलीत जावं लागलं. का, तर माझ्याकडे आलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नाशिक फाट्याला पोचते म्हणून. फार लागलं ते. अजून लागतं.

पुढचं थोडक्यात. सोमवारी बसमध्ये मैत्रीच्या शेजारी समाधान बसला. दाराचा खडू कोणीतरी ओल्या फडक्याने पुसला. आठवड्याभरात त्या खोलीबाहेर बाकडं टाकावं लागलं, आणि ज्या मॅडम तिला घालवणार होत्या त्याच आकडा बघून म्हणाल्या, राहू दे. नावं त्या अजूनही मागतात. ती अजूनही देत नाही. तास भरले, परीक्षेला बसली. निकाल लागायचाय.

समाधानने स्वतःहून सुपरवायझरला सांगून प्रेस सोडला. आता तो तपासणीच्या टेबलावर बसतो. काम बदललं म्हणून पर्मनंटचं पत्र सहा महिने पुढे गेलं. येईल की नाही, माहीत नाही. मुलगीवाल्यांनी दुसरीकडे बघितलं. पूर्वीचा मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण जेवताना त्याचे हात टेबलावर असतात आता, आणि मी ते रोज बघतो.

मैत्रीची माफी मी मागितली नाही, मला ते येत नाही. एका संध्याकाळी खाली गेलो आणि म्हटलं, "आण ते ठोकळे." तिने आणले. मी नक्षी लावल्या, दोन चुकल्या. "किती मार्क पडले?" म्हटलं. ती म्हणाली, "सरावाच्या चाचणीचे सांगत नाहीत, काका." मी म्हटलं, "शाब्बास."

गेल्या रविवारी समाधान म्हणाला, "पप्पा, पिंटूकडे चाललोय तळेगावला. येता?" मी मागे बसलो. देहूरोडच्या पुढे त्याने एका टपरीशी गाडी थांबवली. बाकडं लहान होतं. मी त्याच्या समोर न बसता जरा तिरका बसलो, रस्त्याकडे तोंड करून. चहा आला आणि तो बोलायला लागला. पिंटूचं, प्रेसचं, त्या दिवसाचं. मध्ये तीनदा माझ्या तोंडाशी सल्ला आला, तीनदा मी चहा प्यालो. कप रिकामा झाला होता तरी पीत राहिलो. तो थांबला तेव्हा मी फक्त विचारलं, "अजून?" आणि तो अजून बोलला.

घरी आलो तर ही दारातच. "एवढा वेळ कुठे होता? काय म्हणाला हो पोरगा? रडल्यासारखे डोळे आहेत त्याचे."

"त्याला विचार," मी म्हटलं.

"तुम्हांला ठाऊक आहे."

"आहे."

"मग मला नाही सांगणार? बायकोला?"

मी हातपाय धुवायला गेलो. तेव्हापासून ती माझ्याकडे संशयाने बघते. काहीतरी लपवतात म्हणते, माणूस बदललाय म्हणते. बघू दे. तुम्हांलाही नाही सांगणार.